गीताताईंचं 'आपण'

बिर्गिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. फोनवर तिची मुलगी लीना होती आणि मी, तिला धीर द्यायचा सोडून, "अगं पण परवा तर बोलले मी तिच्याशी" असं चक्क मराठीत बडबडत होते. लीनाला मराठी येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "आय नो, आय नो" म्हणत उलट मलाच समजावलं. आजार मोठा होता, डॉक्टरांनी उन्हाळ्यातच हात टेकले होते, त्यामुळे अनपेक्षित म्हणावं असं काही नव्हतं. तरी तव्यावरची पोळी जळतेय हे मला आईंनी सांगावं लागलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालंय, गुडघे गेलेत, पण नजर अजून तशीच तिखट. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं. "गीताताई का?" मी मान हलवली. त्या खुर्चीत बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "संपलं. आता मला 'तू' म्हणणारं कोणी राहिलं नाही."

हे काय प्रकरण, असं वाचकांना वाटेल. बिर्गिता उत्तर स्वीडनमधल्या एका लहानशा गावातली. तिच्या सांगण्यानुसार तिथे थंडीत सूर्य नुसती हजेरी लावून परत जातो. तरुणपणी एका इंग्रजाशी लग्न करून ती इकडे आली. लग्न टिकलं नाही, इंग्लंड टिकलं. ब्रिस्टलच्या बाहेर आम्ही राहतो त्या गावात ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या नव्या मुलांना इंग्रजी शिकवणं हे तिचं काम. आईंनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'बिर' हे आडनाव असावं आणि 'गीता' हे नाव, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. झाली गीताताई. तिलाही ते इतकं आवडलं की पुढे आमच्या लोकांना ती फोनवर स्वतःच "गीताताई स्पीकिंग" म्हणायची.

आता त्या 'तू'चं. स्वीडनमध्ये म्हणे अहो-जाहो कधीच मोडीत निघालंय, पंतप्रधानापासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे. आमच्याकडे येता-जाता ती मराठी शिकू लागली तेव्हा मी तिला 'तुम्ही' नीट समजावून सांगितलं, कुणाला, कधी, का. तिने ऐकून घेतलं आणि सभ्यपणे नकार दिला. "मी एकतर सगळ्यांना तू म्हणेन, नाहीतर तुझ्या मुलीलाही तुम्ही म्हणेन. बोल." त्यामुळे घरात पाऊल टाकलं की ती आईंना मोठ्याने विचारायची, "तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो तुझा?" मी जीभ चावायची. आईंनी मात्र एकदाही हरकत घेतली नाही. उलट एकदा मलाच म्हणाल्या, "राहू दे गं. माझी भावंडं गेली, हे गेले… मला 'तू' म्हणणारी सगळीच माणसं गेली. बरं वाटतं कानाला."

आमची ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. नवं शतक नुकतंच लागलं होतं, नवऱ्याला ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती आणि आम्ही पुण्याहून येऊन महिनाही झाला नव्हता. सई पाच वर्षांची. इंग्रजीचा गंध नाही, शाळेत तोंड मिटून बसायची. बिर्गिताची शिकवण्याची रीत मला आधी विचित्र वाटली होती. तासाच्या सुरुवातीला मूल मास्तर आणि ती विद्यार्थिनी. मुलाने आपल्या भाषेतलं काहीतरी तिला शिकवायचं, ती मुद्दाम नाही तर खरोखरच चुकायची, मूल हसायचं, दुरुस्त करायचं, आणि मग तिच्या मते ते इंग्रजीत चुकायला मोकळं व्हायचं. एके दिवशी ती वर्गातून थेट आमच्या घरी आली. दारात बूट काढून ठेवले. इथल्या कुणी न सांगता बूट काढल्याचं आईंनी तोवर पाहिलं नव्हतं, तिथेच त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. बसायच्या आधीच बिर्गिताने मला विचारलं, "मी सईला 'वी'ला तुमच्यात काय म्हणतात ते खुणा करून विचारलं. तिने दोन शब्द सांगितले. आम्ही आणि आपण. यातला बरोबर कुठला?"

मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. दोन्ही बरोबर, असं म्हणून मी सुटू पाहिलं. ती सुटू देणाऱ्यातली नव्हती. मग मला जेवणाचं उदाहरण सुचलं, कारण स्वयंपाक तयारच होता. म्हटलं, "हे बघ, मी तुला म्हटलं की 'आम्ही जेवतो', तर तू इथे कोचावर बसून राहायचंस. आणि 'आपण जेवू' म्हटलं, तर ऊठ आणि हात धू." वाटलं, हसेल. हसली नाही. मग म्हणाली की लहानपणी ती मैत्रिणीकडे खेळायला जायची आणि जेवायची वेळ झाली की मैत्रिणीची आई दारात येऊन सांगायची, आता आम्ही जेवणार. पाहुण्या मुलाने खोलीतच थांबायचं, घरच्यांचं जेवण होईपर्यंत. त्यात दुष्टपणा काही नव्हता, त्या काळी तिकडे पद्धतच ती. मुलाच्या घरीही स्वयंपाक झालेला असतो, त्यात आपण कशाला ढवळाढवळ करा, असा हिशेब. "मी बाहुल्यांशी खेळत बसायचे आणि काट्या-चमच्यांचे आवाज ऐकायचे," ती म्हणाली. "मला वाईट वाटायचं, पण का ते सांगता यायचं नाही. आमच्या भाषेत 'वी' एकच आहे. ते 'आम्ही' होतं, हे मला आज कळतंय." आईंना मी हे मराठीत सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना. "घरात आलेल्या पोराला न वाढता?" असं दोनदा विचारून त्यांनी थेट ताट घेतलं. बिर्गिता त्या दिवशी आमटी तीनदा मागून जेवली.

तेव्हापासून तिला एक खोडच लागली. कुणीही 'वी' म्हटलं की ती विचारायची, "विच वी?" शाळेच्या स्टाफ मीटिंगमध्ये कुणी "वी फील" म्हणून सुरुवात केली की हिचा हात वर. लोकांना ती आगाऊ वाटायची, आणि खरं सांगायचं तर होतीच थोडी. गोड बोलणं तिला जमायचं नाही. हवापाण्याच्या गप्पा, ज्यावर हा सगळा देश चालतो, त्यात ती दोन वाक्यांत गारद व्हायची. गणपतीच्या आरतीला हौसेने यायची आणि टाळ्या इतक्या ठामपणे बेताल वाजवायची की शेजारची चार माणसं चुकायची. पण तिला "हे मला माहीत नाही, बघून सांगते" असं म्हणता यायचं, आणि ती खरंच बघून सांगायची. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. मी नोकरीत आणि नात्यात फार थोडी माणसं अशी पाहिली.

मग शाळेतली भाषेची मदत कमी करायची ठरली. त्या निर्णयाच्या कागदावर 'वी ऑल मस्ट मेक सॅक्रिफायसेस' असं छापलं होतं, आणि बिर्गिता ते वाक्य वाचून इतकी पेटली की पुढच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभीच राहिली, अपक्ष. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिका समजा. यातली गंमत अशी की तिने ब्रिटिश नागरिकत्व कधीच घेतलं नव्हतं. युरोपातली म्हणून ती कौन्सिलला उभी राहू शकत होती, पण पार्लमेंटच्या निवडणुकीत तिला मत नव्हतं. आणि मी, भारतीय पासपोर्ट घेऊन काल आलेली, राष्ट्रकुलातली म्हणून पार्लमेंटलाही मत देऊ शकत होते. "राणीची कृपा," मी तिला चिडवायचे. ती दारोदार फिरली. आमच्या मराठी घरांमध्ये गीताताई म्हणून, बाकीच्यांकडे शाळेतल्या बाई म्हणून. थोडक्या मतांनी निवडून आली. आमच्या इथल्या मराठी मंडळाने पेढे वाटले आणि "आम्ही निवडून आणलं" असं सगळीकडे सांगितलं, ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ती चांगली कौन्सिलर होती. काम तसं रटाळच असतं. कुणाचा कचरा उचलला गेला नाही, कुठे झेब्रा क्रॉसिंग हवं, कुठली बस बंद झाली. दर शनिवारी लायब्ररीमागच्या जुन्या हॉलमध्ये एका टोकाला मी मुलांचा मराठी वर्ग घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाला टेबल मांडून ती लोकांच्या तक्रारी ऐकायची. मधेच माझ्या वर्गातलं पोरगं चुकलं की तिथूनच मान वर करून दुरुस्त करायची. बऱ्याचदा बरोबर.

आणि त्या हॉलवरूनच सगळं बिनसलं. कौन्सिलने सांगितलं, इमारत चालवणं परवडत नाही. एखाद्या संस्थेने जबाबदारी घेतली तर ठीक, नाहीतर विकून टाकू. हॉल तसा सगळ्यांचाच. सोमवारी गावातल्या म्हाताऱ्या मंडळींचा क्लब, मधल्या वारी सोमाली बायकांचं शिवणकाम, शनिवारी आमचा वर्ग. पण चालवायला घेण्याची धमक होती ती आमच्या मंडळाची. इंजिनिअर, अकाउंटंट, डॉक्टर, सगळे आमच्यात. अर्ज कसा करायचा, वर्गणी कशी गोळा करायची, आम्हाला कुणी शिकवायला नको. मंडळाचे अध्यक्ष सुधीरभाऊ यांनी रातोरात नकाशासुद्धा काढला. स्वतःचं स्वयंपाकघर, गणपतीसाठी कायमची जागा, नाटकाला छोटा रंगमंच. इतरांना 'सोयीप्रमाणे' जागा देऊ, असं त्यात लिहिलं होतं. परदेशात भाड्याच्या खोल्यांमधून सतरंज्या वाहून ज्यांनी वर्षं काढलीत त्यांनाच कळेल तो नकाशा बघून आम्हाला काय वाटलं असेल. मला तो हॉल हवा होता, आणि तसं वाटण्यात काही चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. तिकडे म्हाताऱ्यांच्या क्लबचा रॉन गावच्या सभेत उठून म्हणाला होता, "युअर लॉट'ल चेंज द लॉक्स, वोन्ट यू?" तुम्ही लोक कुलपंच बदलून टाकणार, हे आमच्या लोकांना चांगलंच झोंबलं.

हॉल कुणाला द्यायचा याची कौन्सिलकडे शिफारस बिर्गिता करणार होती. ती आमची, मग काळजी कसली, असं सगळे धरून चालले होते. तिने मंडळाच्या बैठकीला येऊन बोलायची परवानगी मागितली तेव्हा सुधीरभाऊंनी तिच्यासाठी शालही आणून ठेवली होती. ती उभी राहिली आणि मराठीत बोलू लागली. हळू, शब्द वेचत. नकाशा सुंदर आहे म्हणाली. तुम्ही हॉल छान चालवाल म्हणाली. आणि मग ते वाक्य… "पण आपण दार बंद केलं, तर आपण बाहेर राहू."

हॉलमध्ये हशा पिकला. त्यात कुचेष्टा नव्हती. गीताताईंचा घोटाळा झाला, एवढंच सगळ्यांना वाटलं. सुधीरभाऊ प्रेमाने म्हणाले, "ताई, तुम्हाला म्हणायचंय, 'आम्ही दार बंद केलं तर ते बाहेर राहतील.' दार लावणारा आणि बाहेर राहणारा एकच कसा असेल?"

बिर्गिता म्हणाली, "नाही. मला तेच म्हणायचंय. 'ते' नको मला."

"अहो, पण चूक आहे ते वाक्य." आणि सुधीरभाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकवता ना मुलांना? सांगा बरं. चूक की बरोबर?"

सगळ्यांनी माना वळवल्या. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. बिर्गिताने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती शांतपणे पुढे बघत उभी होती. वर्गातही मूल उत्तर शोधत असलं की ती अशीच दुसरीकडे बघायची. मला तो नकाशा दिसत होता, त्यातलं स्वयंपाकघर दिसत होतं. चूक आहे म्हटलं असतं तर सगळे हसून पुढे गेले असते. पण मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. आपण दार बंद केलं, तर आपण बाहेर राहू. रॉन, त्या सोमाली बायका, बिर्गिता, मी, सई… सगळ्यांना 'आपण'मध्ये घेतलं की त्यातले काहीजण आत आणि काहीजण बाहेर राहणार, म्हणजे बाहेर राहणार ते आपलेच. चूक शोधूनही सापडेना. मी म्हटलं, "वाक्य बरोबर आहे." आणि आई मागून म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे."

शाल पिशवीतच राहिली. पुढे दोन तास भांडण झालं, मराठी मंडळात होतं तसंच, मुद्दे कमी आणि जुने हिशेब जास्त. शेवटी हात वर करून मत घेतलं आणि अगदी थोडक्या फरकाने ठरलं की अर्ज सगळ्यांनी मिळून करायचा. हॉल वाचला. क्लब, शिवणकाम, वर्ग, सगळ्यांची एक समिती झाली. रंगमंच झाला नाही. गणपती दरवर्षी येतो आणि दरवर्षी कपाटात जातो. काही घरांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. पुढच्या निवडणुकीत ती मंडळी बिर्गिताच्या विरोधात गेली नाहीत, नुसती घरी बसली. तेवढं पुरलं. ती हरली.

मी तणतणत तिच्याकडे गेले. कृतघ्न माणसं, मेलं राजकारण, असं बरंच काही बोलले. ती वेलदोडे कुटत होती. तिच्याकडच्या बनमध्ये वेलदोडा घालतात आणि तो विकतचा कुटलेला तिला चालायचा नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं." तिला माहीत होतं! त्या बैठकीला उभं राहताना आपली खुर्ची जाणार हे ती ओळखून होती, आणि तरी ती शब्द वेचत मराठीत बोलली, म्हणजे एकालाही कळलं नाही असं व्हायला नको. मी आयुष्यात खूप भाषणं ऐकली, पण आपलंच नुकसान होईल असं एक वाक्य इतकं घोटून, व्याकरणशुद्ध करून बोलणारी माणसं मी आणखी पाहिली नाहीत.

पुढच्या शनिवारी ती माझ्या वर्गात मुलांच्या छोट्या खुर्चीवर येऊन बसली. "आता मला वेळ आहे." शेवटची दोन-तीन वर्षं ती अशी नियमित विद्यार्थिनी होती. घर जवळ म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायची, हीटिंग लावायची, म्हणजे मुलं येईपर्यंत हॉल गरम. सोमवारी क्लबसाठीही तीच उघडायची, शिवणकामालाही. हे काम कुणी तिला दिलं नव्हतं आणि ती करते हे आमच्या कुणाच्या फारसं लक्षातही आलं नव्हतं. दार उघडं असायचं, बस्स.

तिला शेवटची भेटले ती हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात. पार वाळली होती, पण चिडलेली होती, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. तिथली एक गोड नर्स रोज सकाळी येऊन विचारायची, "हाऊ आर वी टुडे?" बिर्गिता मला म्हणाली, "मी तिला विचारलं, विच वी? आजारी तर मी एकटीच आहे." मग मराठीत, "आपण आजारी नाही. मी आजारी आहे." मी हसले आणि मग मला रडू आवरेना. ती म्हणाली, "व्याकरण बरोबर आहे ना?" बरोबरच होतं.

अंत्यविधीला सुधीरभाऊ आले होते. मागच्या रांगेत उभे राहिले आणि निघताना लीनाला वाकून नमस्कार केला. तिला काय करावं ते कळेना, तिनेही तसाच केला.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर निघाले. आता दार कोण उघडणार, हा विचार मला आदल्या रात्री झोपताना आला होता. गारठा मरणाचा. किल्ली हातात धरून हॉलपाशी पोचले तर दार उघडं. आत ऊब. रॉन खुर्च्या मांडत होता, आमच्या मुलांच्या छोट्या खुर्च्या, आणि त्याही उलट्या बाजूला तोंड करून.

"ऑल राइट, माय लव्हर?" तो म्हणाला. इकडचे म्हातारे सगळ्यांनाच असं म्हणतात, पहिल्यांदा ऐकून मी दचकले होते. "वी'व्ह सॉर्टेड इट. वी'ल टेक टर्न्स."

माझ्या तोंडून निघून गेलं, "विच वी, रॉन?"

त्याने मला वेड लागलंय की काय अशा नजरेने पाहिलं. "वेल… अस. यू, मी, द सोइंग लेडीज. आय'म सॅटर्डेज. यू आर मंडेज."

म्हणजे आमच्या वर्गासाठी दार तो उघडणार, त्यांच्या क्लबसाठी मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी होही म्हटलं नव्हतं. नुसतं त्यांनी मला आपल्यात धरलं होतं. मी म्हटलं, "बरं," आणि खुर्च्या सरळ करायला लागले.

काल सोमवार होता. मी जाऊन दार उघडलं.